बंद पडणारे ऑनलाइन गेम आणि घरचा सर्व्हर: कष्ट नेमके कुठे घालावेत?

कंदील

‘सिटी ऑफ हीरोज’ हा सुपरहीरोंचा ऑनलाइन आरपीजी (एखादं पात्र होऊन खेळायचा गेम) कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला. खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर गेमच्या फायली जशाच्या तशा होत्या, पण लॉगिन करायला पलीकडे काही उरलं नव्हतं. एकट्याने खेळायच्या जुन्या गेमची सीडी आजही खटपट करून चालवता येते. ऑनलाइन आरपीजीचं तसं नाही. आपल्याकडे असतात चित्रं, आवाज आणि बटणं. राक्षसाला किती मार बसला, तलवार कुणाच्या पिशवीत गेली, कोणतं दार उघडं आहे, हे सगळं सर्व्हर, म्हणजे पलीकडचा सगळ्यांना जोडणारा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि सर्व्हरचा प्रोग्राम कंपनी कुणाला देत नाही.

यावर हौशी लोकांनी काढलेला मार्ग म्हणजे सर्व्हर नव्याने लिहिणं. गेम सुरू असताना नेटवरून काय ये-जा होते ते टिपायचं आणि त्यावरून पलीकडची बाजू उभी करायची. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी हे काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि त्यातलं डोकं आणि चिकाटी बघून मी थक्क होतो. तरीही माझं मत असं आहे की आपल्यासारख्यांनी, म्हणजे घरी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) किंवा जुना लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनी, कंपनीचा गेम पुन्हा उभा करण्यात शक्ती घालू नये. ज्याचा कोड मुळातच खुला आहे असा गेम चालवावा. माझ्या डोक्यात आहे तो मड.

नवीन वाचकांसाठी: मड म्हणजे अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, निव्वळ मजकुरातला आरपीजी. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’चा कोड वाटला आणि जगभर शेकडो मड उभे राहिले. आज ‘एव्हेनिया’ नावाची पायथॉन भाषेतली खुली चौकट आहे, म्हणजे मड बांधायचा तयार सांगाडा. वापरायला-बदलायला मोकळीक देणारा बीएसडी परवाना, डेटाबेस म्हणून एकाच फाइलीतलं साधं एसक्यूलाइट, खेळायला ब्राउझर पुरतो. मराठी अक्षरं यात अडत नाहीत. मला त्यात एक मराठी जग बांधायचंय: घाटातली वाट, धरणाखाली गेलेलं गाव, बाजाराचा दिवस.

विरोधी मतं मोकळेपणाने मांडा.

रातकिडा

असहमत, आणि मनापासून असहमत. मी न्यू जर्सीत राहतो, ‘सिटी ऑफ हीरोज’ मी खेळलोय. लोक कोडवर प्रेम करत नाहीत हो, त्या शहरावर करतात. त्या गेममधल्या पॅरागॉन सिटीच्या कुठल्या छपरावर आमची टोळी जमायची ते मला आजही आठवतं. त्याच्या बदल्यात तुम्ही मला खुला कोड दिलात तर मी त्याचं काय करू?

शिवाय तुम्ही गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. २०१९ मध्ये त्या गेमचा सर्व्हर-कोड बाहेर आला, ‘होमकमिंग’ नावाने लोकांनी सर्व्हर उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर परवाना दिला. ‘एव्हरक्वेस्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन आरपीजीचं जुनं रूप जपणाऱ्या ‘प्रोजेक्ट १९९९’लाही २०१५ मध्ये मालक कंपनीची लेखी संमती मिळाली. ‘नोस्टॅल्रियस’ हा जुन्या वॉरक्राफ्टचा सर्व्हर कायदेशीर नोटिशीनंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला खरा, पण त्यावरून एवढा गदारोळ उठला की ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्टची कंपनी ब्लिझार्डला स्वतःच जुन्या रूपातला ‘क्लासिक’ काढावा लागला. हौशी लोकांनी तुमचा सल्ला तेव्हा मानला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

कंदील

रातकिडा, तुमचं शहर परत मिळालं याचा मला आनंदच आहे. पण ते मिळायला अकरा वर्षं लागली आणि शेवटी ते मिळालं कंपनीच्या मर्जीने. २०१९ च्या आधी तो सर्व्हर काही मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षं गुपचूप चालवला होता. हे उघड झालं तेव्हा बाकीचे खेळाडू किती दुखावले होते, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. नोटिशीची भीती असली की असंच होतं: ज्यांच्यासाठी गेम वाचवायचा त्यांच्यापासूनच तो लपवावा लागतो. अमेरिकेत ‘बीनेटडी’ या मोफत सर्व्हर-प्रोग्रामच्या खटल्यात २००५ मध्ये अपील कोर्टाने ब्लिझार्डच्या बाजूने निकाल दिला, तेव्हापासून ही टांगती तलवार आहेच. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत असलेल्याला प्रोग्रामचं कामकाज अभ्यासायची मुभा देतं. त्यातून चित्रं, संगीत, नकाशे वाटायची मुभा मिळत नाही.

चौकस

पुण्यात नेटवर्क सांभाळायचं काम करतो, त्यामुळे माझा विरोध दोघांनाही आहे. गेम कुठलाही असो, घरच्या राउटरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून अनोळखी लोकांना आत घ्यायचं, ही कल्पनाच मला नको वाटते.

डिसेंबर २०२१ ची गोष्ट घ्या. ‘लॉगफोरजे’ या जावा लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, सुरक्षेचं भोक सापडलं. माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये कुणी एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर ती ओळ लॉगमध्ये (नोंदवहीत) लिहायला जायचा आणि त्या लिहिण्यातच बाहेरून कोड आणून चालवायचा. म्हणजे खेळायला आलेला माणूस नुसता बोलला, आणि घरातलं मशीन त्याच्या ताब्यात. त्याच मशीनवर घरचे फोटो, त्याच वायफायवर आईचा फोन, बँकेचं ॲप. सुधारित आवृत्ती लगेच आली, पण ती त्याच दिवशी लावणारे हौशी सर्व्हरवाले किती असतील?

दुसरं, २०१६ मधला ‘मिराय’ हा घातक प्रोग्राम. टेलनेटचं (दुरून मजकुरातून जोडायच्या जुन्या पद्धतीचं) पोर्ट उघडं आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवलेला, असे कॅमेरे आणि राउटर हुडकून त्यांची फौज केली गेली. ती बनवणाऱ्यांचा सुरुवातीचा उद्देश काय होता माहीत आहे? प्रतिस्पर्धी माइनक्राफ्ट सर्व्हर पाडणं. गेम सर्व्हर चालवणारा माणूस या भांडणांपासून लांब राहू शकत नाही. एखाद्याला तुम्ही गैरवर्तनासाठी हाकललंत की रात्री तुमच्या घरचं इंटरनेट बंद.

आणि मड तर पूर्वापार टेलनेटवर चालतो. पासवर्ड उघड्यावर जातात. खेळाडू तोच पासवर्ड ईमेललाही वापरतो, हे तुम्ही गृहीतच धरायला हवं.

यात सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीची पत्ते वाटून देण्याची पद्धत, अजून आलाच नाही. राउटरच्या पानावर तुमचा डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला, तर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेल्याला घरच्या मशीनकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून कुणी पोहोचणार नाही. अनेक घरांमागे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता ठेवलेला असतो. घरगुती जोडणीच्या अटींत सर्व्हर चालवायला मनाई आहे का, तेही वाचून घ्या. महिन्याला थोडे पैसे टाकून छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, घ्या आणि घर यातून बाहेर ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटमाथा

चौकस यांच्या सुरक्षेच्या मुद्द्यांना +१. व्हीपीएसच्या सल्ल्याला मात्र नाही. भाडं थकलं की तोही बंद, म्हणजे आपण पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर. घरचं मशीन ठेवावं, पण ते नीट ठेवावं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात लाइट जाते, त्यामुळे या बाबतीत थोडं बोलू शकतो.

जुना डेस्कटॉप साठ वॅट खातो असं धरा. चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट. घरगुती वीजबिलात १०० युनिटांनंतर दराचा टप्पा बदलतो, तेव्हा ही ४३ युनिटं बऱ्याच घरांना वरच्या दरात ढकलतील. रास्पबेरी पाय ४ पाच वॅटवर धरला तर साडेतीन युनिटांच्या आसपास. मजकुराच्या गेमला तो भरपूर झाला.

पायचा खरा शत्रू म्हणजे लाइट अचानक जाणं. मेमरी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड खराब होतं आणि सगळ्यांचं सामान, पातळ्या, घरं एका झटक्यात जातात. म्हणून यूएसबीला एसएसडी लावा आणि डेटाबेस तिथे ठेवा. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. पायला मात्र पाच व्होल्ट लागतात, त्याची सोय वेगळी. रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती कॉपी करू नका, त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे ती वापरा.

कंदील

चौकस, टेलनेटचा मुद्दा मान्य. एव्हेनियात टेलनेट पोर्ट ४००० वर आणि वेब ४००१ वर असतं. टेलनेट बंद ठेवून फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे गुप्त केलेल्या जोडणीवरून, ब्राउझरने खेळू द्यायचं, असा माझा बेत आहे. सीजीनॅटवर उपाय वायरगार्ड या व्हीपीएन-प्रोग्रामचा: बाहेर एक अगदी लहान व्हीपीएस, आणि घरच्या पायने स्वतःहून त्याच्याकडे गुप्त जोडणीचा बोगदा काढायचा. खेळाडू व्हीपीएसवर येतात आणि बोगद्यातून पायपर्यंत पोहोचतात. घराचा पत्ता कुणाला दिसत नाही, घरचं एकही पोर्ट उघडत नाही. पाय राउटरच्या वेगळ्या नेटवर्कवर, म्हणजे आईच्या फोनपर्यंत वाट नाही. आणि घाटमाथा म्हणतात तसं जग घरच्या डिस्कवरच राहतं. व्हीपीएस गेला तर दुसरा घ्यायचा, गेमचं काही बिघडत नाही.

नवशिकी

तांत्रिक भाग निम्माच कळला, पण मूळ प्रश्न राहूनच जातोय असं वाटतं. खेळायला येणार कोण? माझ्या वर्गातली मुलं-मुली फोनवर खेळतात, तेही चित्रं बघून. मजकूर वाचत, टाइप करत खेळायला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी कुणी फिरकणार नाही. ऑनलाइन आरपीजी म्हणजे माणसं. रातकिडांच्या शहरात माणसं होती म्हणून ते शहर होतं. रिकाम्या मडमध्ये एकटं हिंडण्यापेक्षा पुस्तक वाचलेलं बरं.

स्वरांकित

नवशिकी, मी येईन.

मला दिसत नाही. चित्रांच्या ऑनलाइन आरपीजीत माझ्यासाठी जवळजवळ काहीच नसतं. मडमध्ये मी बाकीच्यांच्या बरोबरीने लढतो, बरेचदा त्यांच्यापेक्षा वेगाने, कारण स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) मी खूप जलद ऐकतो. इंग्रजी मडमध्ये दृष्टिहीन खेळाडू भरपूर आहेत आणि काही मड त्यांचा विचार करूनच बांधलेत. तुमच्या चर्चेत हे कुठेच आलं नाही, म्हणून लिहितो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पण खेळताना तो चालतो. मराठीतून वाट शोधत हिंडायचं, कुणाशी तरी सौदा करायचा, हे मला कुठल्याही कंपनीने दिलेलं नाही आणि देईल असं वाटतही नाही.

रातकिडा, तुम्ही ज्या शहरासाठी तळमळता ते माझ्यासाठी कधी उघडलंच नव्हतं.

रातकिडा

स्वरांकित, हा विचार मी कधी केला नव्हता. तुमच्यासाठी मड हवाच. पण कंदील यांचं मूळ विधान ‘कंपनीच्या गेममध्ये शक्ती घालू नये’ असं आहे आणि ते मला अजूनही चुकीचं वाटतं. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ अखेर बंद झाला. त्यानंतर युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी राहिली, २०२५ मध्ये तिथल्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कंपनीने जाताना गेम चालण्याजोगा ठेवून जावा, एवढीच मागणी. ही लढाई आपण सोडून द्यायची का?

कंदील

सह्या करूया, लढूया. मी बोलतोय ते रात्री जेवल्यावर मिळणाऱ्या दोन तासांबद्दल. ते तास मला मराठी जग बांधायला हवेत.

आणि त्यात खरं अवघड काम वेगळंच निघालंय. एव्हेनिया आज्ञेचं क्रियापद ओळीच्या सुरुवातीला शोधतं. आपण म्हणतो ‘पेटीतून किल्ली काढ’, क्रियापद शेवटी. त्यासाठी सेटिंगमध्ये स्वतःचा आज्ञा-वाचक जोडता येतो, तो लिहावा लागेल. त्याहून किचकट म्हणजे सामान्यरूप. वस्तूचं नाव ‘दिवा’, खेळाडू लिहिणार ‘दिव्यात तेल घाल’. प्रोग्रामला दिवा सापडतच नाही. सध्या प्रत्येक वस्तूला ‘दिव्या’ असं टोपणनाव देऊन शेवटचा प्रत्यय काढून टाकायचा विचार आहे. ‘घोडा’, ‘विहीर’, ‘माणूस’ यांना ते जमेल. अनेकवचनाचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

घाटमाथा

प्रत्ययांची यादी लांबीप्रमाणे उतरती लावा. आधी ‘मधून’, ‘वरून’, ‘तून’, मग ‘वर’, ‘ला’, ‘त’. नाहीतर ‘पेटीतून’ मधला नुसता ‘ऊन’ कापला जाईल आणि भलतंच उरेल. आणि ‘भात’चा ‘त’ कापला जाऊ नये म्हणून आधी पूर्ण नाव जुळतं का ते बघा.

स्वरांकित

अक्षरांनी काढलेले नकाशे नकोत. स्क्रीन रीडर त्यातली प्रत्येक रेघ नि टिंब वाचत बसतो. एव्हेनियात स्क्रीन रीडरसाठी वेगळा पर्याय आहे, तो चालू केला की सजावटीची चिन्हं गळतात, पण तुमची वर्णनंही तशी हवीत. प्रत्येक जागेच्या वर्णनात वाटा कुठे जातात ते शेवटच्या वाक्यात द्या, नेहमी त्याच क्रमाने. लढाईत प्रत्येक वाराची ओळ छोटी ठेवा आणि महत्त्वाचा शब्द आधी येऊ द्या.

चौकस

पाय वेगळ्या नेटवर्कवर आणि आत येणारं एकही पोर्ट उघडं नाही, एवढं असेल तर माझा घरच्या मशीनला आक्षेप नाही. व्हीपीएसवर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) पासवर्डने उघडं ठेवू नका, फक्त डिजिटल किल्लीने. आणि नोंदणी सगळ्यांना खुली ठेवायला माझा विरोध कायम आहे. ओळखीच्या माणसाने आमंत्रण दिल्याशिवाय खातं देऊ नका.

नवशिकी

आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही म्हटल्यावर माणसं आणखी कमी होतील, हे तुमच्या लक्षात येतंय ना?