शोव्हिनिझम आणि जिंगोइझम, दोघांना मिळून एकच शब्द?

दुभाषी: १८७७-७८च्या रशिया-तुर्कस्तान युद्धावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करतेय. एकाच वाक्यात शोव्हिनिझम आणि जिंगोइझम दोन्ही आलेत. मी 'दुरभिमान' आणि 'अतिरेकी राष्ट्रवाद' लिहून पाठवलं. संपादकांचा फोन: "अहो, अतिरेकी म्हटलं की वाचकाला बंदूकवाले दिसतात. दोन्हीकडे 'जाज्वल्य राष्ट्राभिमान' करून टाकतो." मूळ लेखक टोमणा मारतोय आणि मराठीत आरती ओवाळल्यासारखं होतंय. शनिवारी मजकूर द्यायचाय, सुचवा.

उंटावरचा: दोन्ही वेगळेच. जिंगो १८७८च्या लंडनमधला. रशियाची फौज कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर आलेली, ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली आरमार धाडतोय, आणि म्युझिक हॉलमध्ये गाणं गाजतंय: लढायची हौस नाही, पण 'बाय जिंगो', लढलोच तर जहाजं आहेत, माणसं आहेत, पैसाही आहे. 'बाय जिंगो' म्हणजे आपलं 'आईशप्पथ'. त्यावरून विरोधक या चेकाळलेल्यांना जिंगो म्हणू लागले. म्हणून 'युद्धखोरी', नाहीतर सरळ 'लढाईची खुमखुमी'.

शोव्हिनिझमला लढाई लागत नाही. निकोला शोव्हँ हा म्हणे नेपोलियनचा शिपाई. १७ जखमा झाल्या, बादशहा गेला, तरी याचा जयजयकार चालूच. फ्रेंच नाटकवाल्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. असा माणूस खरंच होऊन गेल्याचा पुरावा मात्र नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच.

पाटावरवंटा: 'युद्धखोर' अर्धा फारसी आहे. खोर म्हणजे खाणारा. 'युद्धपिपासू' असताना हे कशाला?

उंटावरचा: आणि भांडखोराला घरी काय म्हणता, कलहपिपासू?

इंदुरी: मला 'अभिमान' या शब्दाचीच धास्ती आहे. आठवीत हिंदीच्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर 'लड़का अभिमानी है' असा शेरा मारला. आजी नागपूरची. तिने तो शेरा चार घरी कौतुकाने दाखवला! वडिलांनी समजावलं तेव्हा कुठे कळलं, की हिंदीत 'गर्व' छातीवर मिरवायचा आणि 'अभिमान' म्हणजे घमेंड. आपल्याकडे बरोबर उलटं, गर्वाचं घर खाली.

पाटावरवंटा: हिंदीवाल्यांचंच बरोबर. सांख्यकारिकेत, म्हणजे सांख्य तत्त्वज्ञानाच्या मूळ ग्रंथात, स्वच्छ लिहिलंय, 'अभिमानोऽहङ्कारः'. 'अस्मिता'चंही तेच. पतंजलीच्या पाच क्लेशांत अविद्येच्या खालोखाल अस्मिता, आणि आपण तिचे फलक लावतो.

गवतफुला: फलक लावणाऱ्याला योगसूत्रं विचारायची नसतात हो. शब्दाचा अर्थ तो ज्याच्या तोंडी आहे तो ठरवतो. 'जाज्वल्य अभिमान' आता अर्धेअधिक लोक थट्टेतच म्हणतात, पुणेकर सोडून. तेव्हा संपादक अगदीच चुकले असं नाही.

दुभाषी, शोव्हिनिझम देवनागरीत तसाच मात्र ठेवू नका. आमच्या ऑफिसात 'शोव्हिनिस्ट' म्हणजे बायकांना कमी लेखणारा, बस. देशाशी त्याचा संबंध आहे हे कुणाच्या गावीही नाही. दुरभिमान भाषेचा, जातीचा, गावाचा, कशाचाही चालतो, तोच ठेवा.

दुभाषी: दुरभिमान ठरला समजा. पण युद्धखोर पटत नाही. युद्धखोर सरकार असतं, राजा असतो. म्युझिक हॉलमधला गडी बिअरचा ग्लास आपटून गाणं म्हणतोय, लढायला जाणार दुसऱ्याचा पोरगा. त्याला काय म्हणू?

उंटावरचा: वाचिवीर!

गवतफुला: वाचिवीर स्वतःच्या पराक्रमाच्या बाता मारतो. हा देशाच्या जिवावर मारतोय. खुमखुमीच बरी. क्रिकेटच्या मॅचला आमच्या सोसायटीत जे चालतं ते अगदी हेच.

पाटावरवंटा: खुमखुमी हा लेखी शब्द नव्हे. 'रणोन्माद' घ्या.

उंटावरचा: रणोन्माद झाशीच्या राणीला. बिअरवाल्याला खुमखुमी.

पाटावरवंटा: बिअरवाला तुम्हीच आणलात, लेखात तो आहे का?

दुभाषी: लेखात आहे. मीच आणला वर. शनिवार उद्यावर आलाय.

इंदुरी: आजीचं राहिलंच. शेऱ्याचा अर्थ कळल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "माजलायस." हा 'माज' मूळचा 'मद'च का? कुणाला ठाऊक आहे?

पाटावरवंटा: यावर वेगळं लिहावं लागेल. बसा.