छोट्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर बंद करावा का? कालच्या पोस्टला उत्तर

पोस्टमास्तर
काल इथे एक पोस्ट पडली: "शंभराच्या आतल्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं हा निव्वळ हट्ट आहे. बंद करा, क्लाउड घ्या, निवांत झोपा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लाइट गेली की मेल हरवतो, हा नेहमीचा आक्षेप. हरवत नाही. पाठवणाऱ्याकडे पोस्टफिक्स (फुकट मिळणारा मेल सर्व्हर) असेल तर तो मूळ सेटिंगवर ५ दिवस प्रयत्न करत राहतो, एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर २ दिवस. शुक्रवारी रात्री पडलेला सर्व्हर शनिवारी दुपारी उठला तरी मेल येऊन पडतात. त्यासाठी दुसरा एमएक्सही (मेल घेणारा राखीव सर्व्हर) नको. त्या दुसऱ्या मशिनवर गाळणी ढिली ठेवलेली असते आणि स्पॅमर नेमके तिथून घुसतात.

डिलिव्हरी होत नाही म्हणता? होते, पण बैठक नीट लागते. स्थिर आयपी देणाऱ्याकडून रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावून घ्या. तेच नाव हेलोत (सर्व्हर स्वतःची ओळख देतो त्या पहिल्या ओळीत) हवं आणि ते नाव परत त्याच आयपीवर उतरायला हवं. एसपीएफ (आपल्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची डीएनएसमधली नोंद) एकच ठेवा, दोन झाले की पर्मएरर, म्हणजे तपासणीच फसते. त्यात इन्क्लूड, ए, एमएक्स धरून लुकअप (डीएनएसला केलेल्या विचारणा) १० च्या वर नकोत. आयपी थेट लिहिले तर ते मोजले जात नाहीत. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) चावी २०४८ बिटची घ्या, पण टीएक्सटीची (डीएनएसमधल्या मजकूर नोंदीची) एक स्ट्रिंग २५५ अक्षरांपुढे जात नाही, तेव्हा ती दोन अवतरणांत तोडा. काही डोमेन पॅनेलांत अख्खी चावी चिकटवली की शेपूट गुपचूप कापली जाते आणि सही जुळत नाही. मग दोष सर्व्हरला.

आणि क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डिलीटेड आयटम्समधूनही काढलेला मेल मूळ सेटिंगवर १४ दिवस परत मिळतो, फार तर ३० पर्यंत वाढवता येतो. काढलेलं खातं ३० दिवसांनी जातं, गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांनी. मार्चमध्ये सोडून गेलेल्या सेल्सवाल्याचा पत्रव्यवहार ऑगस्टमध्ये वादासाठी लागला तर कुठून आणणार? डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम) मेल ठेवतो ते मेलडिर म्हणजे साध्या फायली. रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर एक प्रत, आठवड्याला एक ऑफिसबाहेर.

रांगेतला_मेल
ती पोस्ट माझी, आणि मी त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

मेल हरवत नाही, बरोबर. पण टेंडरचं शुद्धिपत्रक शनिवारी दुपारी मिळून काय करायचं? पाठवणाऱ्याकडे एक्स्चेंज असेल तर ४ तासांत त्याला "पोचायला उशीर होतोय" अशी सूचना जाते आणि तो फोन लावतो.

खरा मुद्दा पॅचचा (सुरक्षेच्या दुरुस्तीचा), त्याला तुम्ही हातच लावला नाही. मार्च २०२१ ला एक्स्चेंजमधलं प्रॉक्सीलॉगॉन नावाचं भगदाड उघड झालं. अनेकांनी पॅच टाकला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण आधीच पेरलेला वेबशेल (हल्लेखोराने ठेवलेला चोरदरवाजा) पॅचने जात नाही, तो तिथेच राहिला. २०२२ ला झिंब्रा या मेल सर्व्हरचं प्रकरण आठवा. येणारी अटॅचमेंट तपासायला त्यातला अमाविस हा तपासनीस ती सीपीआयओ या प्रोग्रॅमने उघडायचा. नीट घडवलेली फाइल नुसती मेलने आली तरी वेब फोल्डरमध्ये जाऊन बसायची, कुणी क्लिकही करायला नको. उपाय काय, तर पॅक्स नावाचं पॅकेज टाकून सेवा रीस्टार्ट करणं. पाच मिनिटांचं काम. पण ज्या ऑफिसात सर्व्हर बघणारा माणूस प्रिंटरचा टोनरही बदलतो आणि बायोमेट्रिकही लावतो, तिथे हे त्याला त्या आठवड्यात कळणार आहे का? एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी ते चालूच ठेवणारे आहेत, कारण "चालतंय ना".

तळघर_सर्व्हर
एक्स्चेंजची पापं पोस्टफिक्सच्या माथी मारू नका! १ जानेवारी २०२२ ला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चे मेल जगभर रांगेत अडकले, कारण मालवेअर इंजिनच्या अपडेटचा क्रमांक २२०१०१०००१ झाला आणि ३२ बिटच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या वर मावत नाही. हे मूळ धाग्यात कुणी चालवायला सांगितलं होतं? पोस्टफिक्स, डव्हकॉट, आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा), डेबियन लिनक्सचे सुरक्षा अपडेट आपोआप चालू. वाद याच्यावर घाला.

काळी_यादी
आपोआप अपडेट चालू केलं की संपलं, असं नाही. एकच उदाहरण देतो. आरबीएल (स्पॅमर आयपींची काळी यादी) म्हणून स्पॅमहाउस झेन लावलंय आणि सर्व्हरचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं आणणारा) गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ आहे. सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारलं की स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ "असं विचारू नका". पोस्टफिक्सला नुसतं यादीचं नाव दिलं असेल तर तो कोणतंही उत्तर आलं की आयपी यादीत आहे असं समजतो आणि येणारा प्रत्येक मेल ५५४ (कायमचा नकार) देऊन परत पाठवतो. तो रांगेत थांबत नाही, थेट बाउन्स होतो. इथे मात्र मेल खरोखर हरवतो. त्याच मशिनवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा आणि आरबीएलच्या ओळीत १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य करा.

दुसरं, डिस्क ४० टक्के मोकळी आणि तरी "जागा नाही"ची एरर? आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत. मेलडिरमध्ये दर मेलला एक फाइल असते. "डीएफ -एच" नाही, "डीएफ -आय" चालवा.

रांगेतला_मेल
हेच तर मी सांगतोय. हे माहीत असणारा माणूस किती ऑफिसांत आहे? आणि एका क्लार्कचा पासवर्ड फुटला की रात्रीतून हजारो स्पॅम तुमच्या आयपीवरून जातात. सकाळी आउटलुकवाल्यांची ५५०, एस३१५० ठरलेली, म्हणजे आयपी त्यांच्या काळ्या यादीत.

पोस्टमास्तर
सबमिशनला (युजरने लॉगिन करून मेल पाठवण्याला) दर युजर ताशी १०० ची मर्यादा घाला, हजारो जाणारच नाहीत. तरीही बाहेर जाणाऱ्या मेलसाठी पत कमावणं छोट्या आयपीला जड जातं, तेवढं मान्य. तिथे रिलेहोस्ट लावून पैसे घेणाऱ्या रिलेतून (आपला मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेतून) पाठवा. मेलबॉक्स मात्र आपल्याकडेच. याहून जास्त मी मान्य करणार नाही.

आणि सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे, घटना ६ तासांत कळवायची. स्वतःच्या सर्व्हरवर लॉग किती दिवस ठेवायचे हे माझ्या हातात असतं.

स्कॅनरवाला
मोठमोठ्या गोष्टी चालल्यात, पण क्लाउडवर गेल्यावर पहिल्या सोमवारी काय बंद पडतं ते कुणी बोलत नाही. स्कॅन टू मेल, म्हणजे कॉपिअरवरून स्कॅन थेट मेलने पाठवणं! दहा वर्षांचं मशिन टीएलएस (कनेक्शन एनक्रिप्ट करण्याची पद्धत) १.० च्या पुढे जात नाही आणि ३६५ ला १.२ लागतं. मग पॅनेलवर नुसतं "कनेक्शन एरर" येतं आणि अकाउंट्सवाले दारात उभे.

रांगेतला_मेल
डायरेक्ट सेंड वापरा. पोर्ट २५ वरून थेट टेनंटच्या (कंपनीच्या ३६५ खात्याच्या) एमएक्सला, लॉगिन नको.

काळी_यादी
कृपा करून हा सल्ला देऊ नका. २०२५ मध्ये त्याच वाटेने फिशिंग झालं. मालकाच्याच नावाने आतल्यासारखा दिसणारा मेल येतो. मायक्रोसॉफ्टला रिजेक्टडायरेक्टसेंड हा स्विच द्यावा लागला तो त्यासाठीच. तो चालू करा, आणि मशिनसाठी तुमच्या स्थिर आयपीचा इनबाउंड कनेक्टर (त्या आयपीवरून आलेला मेल घेण्याचा नियम) करा.

स्कॅनरवाला
 बऱ्याच ब्रॉडबँडवर पोर्ट २५ बाहेर बंदच असतं. आणि डायरेक्ट सेंड फक्त आपल्या डोमेनच्या मेलबॉक्सपर्यंत जातं. टॅलीतून गिऱ्हाइकाला बिल पाठवायचंय, त्याचं काय?

तळघर_सर्व्हर
मेल कशाला? स्कॅन टू फोल्डर करा ना.

स्कॅनरवाला
ही जुनी मशिन एसएमबी १ (फोल्डर शेअरिंगची जुनी भाषा) बोलतात. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ ला जिथून घर फोडलं तेच दार पुन्हा उघडायला सांगताय? विंडोजमध्ये ते बंद आहे, बंदच राहू द्या.

तळघर_सर्व्हर
मग नवीन मशिन घ्या! एका कॉपिअरसाठी अख्ख्या नेटवर्कचा जीव टांगणीला लावायचा का?

स्कॅनरवाला
चालू मशिन भंगारात काढा हा सल्ला द्यायला सोपा आहे. मंजुरी आणायची वेळ आमच्यावर येते.

पोस्टमास्तर
भांडू नका, याला उपाय आहे. एका जुन्या पीसीवर पोस्टफिक्स. मशिन आत साध्या पोर्ट २५ वर बोलेल, पोस्टफिक्स बाहेर ३६५ ला ५८७ वर सक्तीने एनक्रिप्ट करून देईल. मायनेटवर्क्समध्ये (कुणाचा मेल पुढे न्यायचा त्या यादीत) अख्खी १९२.१६८.०.०/१६ टाकू नका, पाहुण्यांच्या वायफायवरचा फोनही रिले करेल. फक्त प्रिंटरचे आणि टॅलीच्या पीसीचे आयपी, एकेक करून. पासवर्डची फाइल ६०० परवानगीने (फक्त मालकाला वाचता येईल अशी), मग पोस्टमॅप ही कमांड. प्रिंटर स्वतःचा काहीतरी पत्ता फ्रॉममध्ये घालतो, तो जेनेरिक मॅपने (पत्ते बदलण्याच्या तक्त्याने) खऱ्या मेलबॉक्सच्या पत्त्यात बदला, नाहीतर ३६५ कडून ५.७.६० (या पत्त्याने पाठवायची परवानगी नाही) येईल.

रांगेतला_मेल
म्हणजे क्लाउडवर जाऊनही पोस्टफिक्स लागतोच, असं तुम्हाला म्हणायचंय. ठीक आहे, या एका पीसीपुरतं मान्य. पण त्यावर मेलबॉक्स नाही आणि बाहेरून पोर्ट उघडं नाही. माझा विरोध मेलबॉक्स ठेवायला आहे आणि तो कायम आहे. शिवाय ३६५ वर एसएमटीपी लॉगिनचा साधा पासवर्ड बंद होणार आहे. तारीख पुढे ढकलली जाते म्हणून निर्धास्त राहू नका, रिलेला ओऑथ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) लावायची तयारी आत्ताच ठेवा.

स्कॅनरवाला
हे लावलं. एक पानी स्कॅन जातंय. वीस पानी रंगीत गेलं नाही, मशिनवर परत "एरर".

काळी_यादी
मेसेज साइझ लिमिट. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १०२४०००० बाइट, आणि अटॅचमेंट मजकुरात बदलणाऱ्या बेस६४ मुळे फाइल तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच फुगते. म्हणजे साडेसात एमबीच्या आसपासच अडतं. लॉगमध्ये ५५२ किंवा "मेसेज साइझ एक्सीड्स" दिसेल. ३६५ ची पाठवायची मूळ मर्यादा ३५ एमबी आहे, तर इथे ३० एमबी करून रीलोड द्या. आणि मशिनवर ३०० डीपीआय रंगीतऐवजी २०० काळं-पांढरं हे डीफॉल्ट ठेवा, बिलाला तेवढं पुरतं.

स्कॅनरवाला
५५२ च होता. रीलोड दिला, वीस पानं गेली. आता टॅलीच्या पीसीचा आयपी डीएचसीपीवर (राउटर देईल तो, बदलू शकणारा) आहे, तो राउटरमध्ये आधी रिझर्व्ह करतो.