जॉन वूलमन नक्की कोण होता?

रानवाट: क्वेकर (ख्रिश्चनांमधला एक पंथ) म्हणजे गुलामीच्या विरोधातले असं सगळीकडे वाचलंय, पण फिलाडेल्फियाच्या कितीतरी क्वेकरांकडे स्वतःचेच गुलाम होते म्हणे. मग हे बदललं कसं? जॉन वूलमनचं नाव सारखं येतं, तो पाद्री होता का?

खारेदाणे: पगारी पाद्री तेव्हा त्यांच्यात नसायचेच हो. सभेत ज्याला आतून वाटायचं तो उठून बोलायचा, आणि ज्याचं बोलणं लोकांना पटायचं त्याला मिनिस्टर मानायचे. वूलमन १७२० चा, न्यू जर्सीचा. माउंट हॉलीत दुकानात कामाला असताना मालक म्हणाला एका काळ्या बाईच्या विक्रीचा कागद लिहून दे, गिऱ्हाईक म्हातारा क्वेकरच, याने लिहिला खरा पण तिथेच दोघांना सांगितलं की हे धर्माला धरून नाही. पुढे मृत्युपत्रात कोणाला गुलाम द्यायचा असेल तर तेही लिहायला नकार. नंतर स्वतःचं दुकान फारच चालायला लागलं म्हणून सोडलं (हो, चालायला लागलं म्हणून!) आणि शिंपीकाम नि फळबागेवर भागवलं.

उनाड: बिनरंगाचे कपडे घालणारा तोच ना? गुलामांच्या कष्टाची म्हणून साखरही सोडलेली. जरा अतीच, गुलामांना त्याचा काय उपयोग?

खारेदाणे: कपड्यांचं एकवेळ मान्य. त्याची हॅटही बिनरंगाची, त्यात पांढऱ्या हॅटची तेव्हा काहींमध्ये फॅशन होती, त्यामुळे ओळखीचेच लोक लांब राहायला लागले 😄 पण दक्षिणेत फिरताना गुलामवाल्यांच्या घरी उतरायचा आणि निघताना गुलामांच्या कामाचे पैसे द्यायचा, कधी थेट त्यांना, कधी यजमानाच्याच हातात देऊन त्यांना वाटा म्हणून. यजमानाला धड रागावताही येईना. रानवाट, बदल म्हणाल तर १७५८ च्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारापासून लांब ठेवायचं ठरलं, आणि घरोघर जाऊन बोलायला जी माणसं नेमली त्यात हा होता.

उनाड: आणि गुलाम ठेवणाऱ्यांना पंथाबाहेर काढायला १७७६ उजाडलं, हा तर १७७२ लाच इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये देवीने गेला. १८ वर्षं चर्चाच. बेंजामिन ले नावाच्या क्वेकराने १७३८ लाच बर्लिंग्टनच्या सभेत पुस्तकात लपवलेल्या लाल रसाच्या पिशवीत तलवार खुपसून आजूबाजूच्यांवर ते 'रक्त' उडवलं होतं, तर त्यालाच बाहेर काढलं. त्याच्याबद्दलही वाचा.