नवीन लोकल कारशेडमध्ये येते, मग फलाटावर यायला एवढा वेळ का?

दिवा_स्लो विचारतात:

मुंबईच्या उपनगरी गाड्यांबद्दल नीट माहिती असलेल्यांसाठी प्रश्न. चेन्नईहून नवा रेक (डबे जोडलेली अख्खी गाडी) निघाल्याची बातमी येते, कुर्ला किंवा विरार कारशेडमधले फोटो येतात, आणि मग सगळं शांत. पहिली एसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत आली आणि प्रवासी घेऊन धावली २५ डिसेंबर २०१७ ला. म्हणजे २० महिने. आता २३८ गाड्यांचं ऐकतोय, तेही कधीपासून. माझे तीन प्रश्न:

१) रेक आल्यावर नेमकं काय काय होतं, आणि त्यात वेळ कशात जातो?
२) २३८ गाड्यांचं घोडं कुठे पेंड खातंय?
३) नवीन गाडी आली तरी एकूण फेऱ्या का वाढत नाहीत? जुनी साधी लोकल काढून तिच्या जागी एसी का घालतात?

राजकारण नको, तांत्रिक उत्तरं हवीत.

---

पँटोग्राफ_वर लिहितात:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी एक फरक लक्षात घ्या: गाडी नव्या प्रकारची आहे, की आधी मंजूर झालेल्या प्रकारातलीच आणखी एक? दुसऱ्या प्रकारात काम लवकर उरकतं. पहिल्यात साखळी लांब असते.

चेन्नईच्या आयसीएफमधून (रेल्वेचा डबे बनवणारा कारखाना) रेक स्वतःच्या ताकदीवर येत नाही, इंजिन लावून ओढत आणतात. कारशेडमध्ये आल्यावर जोडणी, केबल, ब्रेकचे पाइप, दरवाजे, सगळं पुन्हा तपासतात. मग उभ्या गाडीच्या चाचण्या: पँटोग्राफ (वायरमधून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) वर घेऊन २५ केव्ही (२५ हजार व्होल्ट) पुरवठा, कन्व्हर्टर, कॉम्प्रेसर, दरवाज्यांची इंटरलॉकिंग. एसी गाडीत सगळे दरवाजे बंद झाल्याचा संकेत मोटरमनला मिळाल्याशिवाय गाडीला ताकद मिळत नाही. १२ डब्यांतला एक दरवाजा जरी ‘बंद’ दाखवला नाही, तरी गाडी जागची हलत नाही. त्यामुळे हा भाग पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

त्यानंतर धावत्या चाचण्या. नव्या प्रकारच्या गाडीसाठी लखनौची आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था) दोलन चाचणी घेते. डब्यांत आणि बोगीवर (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) मापक बसवून वेगवेगळ्या वेगांना गाडी किती डुलते, किती उसळते ते मोजतात. ब्रेकची चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्थांत होते. भरलेली म्हणजे माणसं नव्हे, वाळूची पोती. आणि मुंबईचं ‘भरलेलं’ इतर शहरांसारखं नाही. इथे गर्दीचा हिशोब चौरस मीटरला १४ ते १६ माणसं असा धरतात. तेवढी पोती १२ डब्यांत चढवायची, मापं घ्यायची, उतरवायची. दिवस जातात.

यातली सगळ्यात कमी चर्चा होणारी चाचणी सिग्नलची आहे. नव्या गाड्यांत थ्री-फेज मोटर आणि इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतात. त्यांच्या स्विचिंगमुळे रुळातून परतणाऱ्या करंटमध्ये हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले जादा करंट) मिसळतात. त्याच रुळांतून ट्रॅक सर्किटचा (रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या यंत्रणेचा) सिग्नलही जात असतो. दोघांची फ्रिक्वेन्सी जवळ आली, तर गाडी उभी असतानाही रूळ मोकळा दिसण्याची शक्यता तयार होते. म्हणून कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती करंट निघतो ते मोजून मर्यादेत बसल्याचं सिद्ध करावं लागतं. इथे मापं चुकली तर कन्व्हर्टरचं सॉफ्टवेअर बदलून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मग कागद. आरडीएसओचं वेगाचं प्रमाणपत्र, त्या त्या रेल्वेच्या रूळ, पूल, सिग्नल आणि वीज विभागांचं संयुक्त सुरक्षा प्रमाणपत्र, रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे अर्ज, त्यांच्या शिफारशीनंतर रेल्वे बोर्डाची मंजुरी. (हे आयुक्त रेल्वेच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ऐकून बरेच जण चक्रावतात, पण परवानगी मागणारा आणि देणारा एकाच खात्यातला नको, हा त्यामागचा हेतू.)

शेवटी मोटरमन आणि गार्ड यांचं प्रशिक्षण. बिघाड झाला तर कोणता कॉक (हवेच्या पाइपची तोटी) बंद करून कोणता दरवाजा वेगळा काढायचा, हे प्रत्यक्ष त्याच गाडीवर शिकवावं लागतं, आणि गाडी एकच असली तर तीच चाचणीला आणि तीच शिकवायला.

---

कुर्ला_यार्ड लिहितात:

वरचं सगळं बरोबर, पण २० महिन्यांचं खापर एकट्या चाचण्यांवर फोडू नका. पहिल्या रेकची उंची हा मोठा घोळ होता. गाडी आली मध्य रेल्वेवर, पण कुर्ला ते सीएसएमटी पट्ट्यातल्या जुन्या पुलांखालून ती जाईना. पुलाखाली ओव्हरहेड वायर आधीच खाली आणलेली असते. वायर आणि छत यांत, तसंच वायर आणि पूल यांत किमान अंतर ठेवावंच लागतं. २५ केव्हीला ते अंतर १५०० व्होल्ट डीसीपेक्षा बरंच जास्त लागतं, आणि मध्य रेल्वेवरच्या विजेचं डीसीचं एसी (इथे वातानुकूलन नव्हे, विजेचा प्रकार) झालं तेही काही फार आधी नाही. शेवटी गाडी पश्चिम रेल्वेला दिली आणि बोरिवली–चर्चगेट सुरू झाली.

पुढच्या गाड्यांत विजेची यंत्रणा डब्याखाली नेली आणि उंची आटोक्यात आणली. मग जानेवारी २०२० मध्ये ठाणे–वाशी–पनवेल ट्रान्स हार्बरवर आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुख्य मार्गावर एसी लोकल आली. ऑर्डर देतानाच पुलांची मापं समोर ठेवली असती तर ही पाळी आली नसती, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट सुटते: एका प्रकारची एकच गाडी असेल तर तिला पर्यायी रेक नसतो. २०१८ मध्ये ती एसी लोकल सुरुवातीला शनिवार-रविवार धावत नव्हती, देखभालीसाठी. म्हणजे ‘एक नवी गाडी’ याचा अर्थ आठवड्याचे पाच दिवस. दोन-तीन रेक जमल्याशिवाय वेळापत्रकात भरवशाच्या फेऱ्या घालता येत नाहीत, म्हणून पहिला रेक तयार होऊनही कधी कधी पुढच्याची वाट बघत उभा राहतो.

---

बारा_की_पंधरा लिहितात:

दुसरा प्रश्न, २३८. हा आकडा दोन प्रकल्पांची बेरीज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा, १०,९४७ कोटी) मधले ४७ रेक आणि मार्च २०१९ मधल्या एमयूटीपी-३अ (३३,६९० कोटी) मधले १९१. खर्चात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा. दोन्ही खरेद्या एकत्र करायचं ठरलं, त्यात ३५ वर्षांची देखभाल जोडली, २०२३ मध्ये निविदा आली, पुढे सरकली नाही. २०२५ मध्ये एमआरव्हीसीने (हे प्रकल्प राबवणारं रेल्वेचं महामंडळ) नव्याने निविदा काढली, आणि ती रेकमध्ये नाही, डब्यांमध्ये: २,८५६ डबे, १२, १५ आणि १८ डब्यांच्या गाड्यांसाठी.

आता गणित करा. २३८ × १२ = २,८५६. म्हणजे डबे तेवढेच. १५ डब्यांच्या गाड्या जोडल्या तर त्यातून १९० गाड्या होतात, १८ च्या केल्या तर १५८. त्यामुळे बातमीत ‘२३८ गाड्या’ वाचलं तर तो आकडा १२ डब्यांच्या हिशोबाचा आहे, हे ध्यानात ठेवा.

वेळ खाणारी खरी गोष्ट मला वेगळीच वाटते: जागा. १२ डब्यांची गाडी साधारण २६० मीटर, १५ ची सव्वातीनशे, १८ ची ३९० च्या आसपास. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार या कारशेडमधल्या मार्गिका मुख्यतः ९ आणि १२ डब्यांच्या काळात आखलेल्या. म्हणून नव्या निविदेत मध्य रेल्वेसाठी भिवपुरी आणि पश्चिमेसाठी वाणगाव इथे डेपो धरलेत. गाडी बनवण्यापेक्षा तिच्यासाठी जमीन, रूळ, पिट लाइन (गाडीखाली उतरून तपासायची खड्ड्याची मार्गिका), छतावरच्या एसी यंत्रणेपर्यंत पोचायचे उंच प्लॅटफॉर्म हे उभं करणं जास्त वेळखाऊ. डेपोआधी गाड्या आल्या तर त्या उन्हात सायडिंगला उभ्या राहतील.

---

हेडवे_३मि लिहितात:

तिसरा प्रश्न माझा आवडता.

एका मार्गिकेवर दोन गाड्यांतलं अंतर तीन मिनिटं धरा. तासाला २० गाड्या. गर्दीच्या वेळी या सगळ्या जागा भरलेल्या आहेत. नवा रेक आला म्हणून एकविसावी जागा तयार होत नाही. म्हणून एसी घालायची तर साधी काढावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पश्चिम रेल्वेने १३ एसी फेऱ्या वाढवून ९६ च्या १०९ केल्या, एप्रिल २०२५ मध्ये मध्य रेल्वेने १४ वाढवून ६६ च्या ८० केल्या. दोन्ही वेळा साध्या फेऱ्यांच्या बदल्यात, एकूण फेऱ्या तेवढ्याच. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला लोक रुळांवर उतरले ते याच कारणाने, आणि मध्य रेल्वेला १० एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एसीला विरोध असा नव्हता, हक्काची ८ वाजून अमुक मिनिटांची गाडी गेली याचा राग होता. मे २०२२ मध्ये एसीचं एकेरी तिकीट निम्म्यापर्यंत उतरवलं, तरी पासातला फरक मोठा राहिला.

फेऱ्या खऱ्या अर्थाने वाढतात त्या नवीन रुळांनी. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ सालच्या मंजुरीतली, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. जेमतेम ९ किलोमीटर. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे बाजूला गेल्या आणि लगेच ३६ फेऱ्या वाढल्या, त्यातल्या ३४ एसी. त्या कोणाची गाडी काढून नव्हत्या. कुर्ल्याच्या दक्षिणेला मात्र मेल-एक्स्प्रेस अजून लोकलच्याच रुळांवर घुसतात.

एसीमुळे आणखी एक तोटा होतो, थांब्याचा. समजा दरवाजे उघडण्या-मिटण्यात दर स्थानकाला १० सेकंद जास्त गेले. सीएसएमटी–कल्याण स्लोला मधली २४ स्थानकं, म्हणजे २४० सेकंद, चार मिनिटं. मागची गाडी तीन मिनिटांवर आहे.

---

पँटोग्राफ_वर लिहितात:

हेडवे, शेवटचा हिशोब जरा दुरुस्त करतो. २४ स्थानकांचे १०-१० सेकंद मिळून प्रवास चार मिनिटांनी लांबतो, हे खरं. पण मागची गाडीही तेवढीच हळू असेल तर दोघांतलं अंतर तेच राहतं. मार्गाची क्षमता ठरते ती सगळ्यात वाईट एका स्थानकावर, म्हणजे दादर, घाटकोपर, ठाणे. पुढची गाडी फलाट सोडून पुढच्या सिग्नलच्या पलीकडे आणखी १२० मीटर ओव्हरलॅप (सुरक्षेसाठी रिकामी ठेवायची लांबी) मोकळा करत नाही, तोवर मागचीला हिरवा मिळत नाही. ठाण्याला थांबा ३० चा ५० सेकंद झाला की तीन मिनिटांचं अंतर टिकत नाही. घोळ होतो तो साधी आणि एसी मिसळून चालवल्याने, कारण मग दोन गाड्यांचा थांबा सारखा नसतो आणि वेळापत्रक जास्त थांब्याच्या गाडीला धरून आखावं लागतं.

---

बारा_की_पंधरा लिहितात:

म्हणूनच माझा जुना आग्रह, आधी १५ डबे. २० गाड्या × १२ = तासाला २४० डबे. त्याच २० जागांत १५ डब्यांच्या गाड्या घातल्या तर ३०० डबे. १२ डब्यांनीच ३०० गाठायचे तर तासाला २५ गाड्या, म्हणजे १४४ सेकंदांचं अंतर. त्यासाठी अख्खी सिग्नल यंत्रणा बदलावी लागेल.

पश्चिमेने जून २०२१ मध्ये अंधेरी–विरार स्लोवरही १५ डबे सुरू केले आणि आता त्यांच्या अशा फेऱ्या २०० च्या आसपास आहेत. मध्य रेल्वे वर्षानुवर्षं २२ फेऱ्यांवर अडकली होती, कारण फलाट वाढवलेले फक्त कल्याणपर्यंतच्या फास्ट मार्गावर. फलाट ६५ मीटर वाढवायचा म्हणजे नुसतं काँक्रीट नव्हे. पुढचा सिग्नल सरकवायचा, सांधे (गाडी रूळ बदलते ती जागा) सरकवायचे, कुठे पूल आडवा येतो, कुठे फाटक. रात्रीच्या ब्लॉकमध्ये हातात तीन-चार तास.

---

दिवा_स्लो लिहितात:

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. एक शेवटचं. ९ जून २०२५ च्या मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर बिनएसी गाड्यांना बंद दरवाजे लावायचं रेल्वेने जाहीर केलं. ती तर साधीच गाडी. तिलाही एवढ्याच चाचण्या?

---

कुर्ला_यार्ड लिहितात:

बोगी आणि मोटर तीच ठेवली तर दोलन आणि सिग्नलच्या चाचण्यांचा भार हलका होतो. नवीन प्रश्न हवेचा आहे. जाहीर केलेले बदल तीन: दरवाज्यांना हवा येऊ देणाऱ्या झडपा, छतावर ताजी हवा ओढणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, म्हणजे गर्दी पसरेल. चालत्या गाडीत हे ठीक. अडचण बंद पडल्यावर. ओव्हरहेड वायर तुटली, गाडी कळवा-मुंब्र्याच्या मधे उभी, मे महिना, डब्यात चौरस मीटरला १४ माणसं. पंखे आणि छतावरची यंत्रणा बॅटरीवर किती वेळ चालते, त्या वेळात आतली हवा किती खराब होते, आणि दरवाजे हाताने उघडायचा दांडा त्या गर्दीत कोणाच्या हाताला लागतो का, हे मोजावं लागेल. एसी गाडीतही हा प्रश्न आहेच, पण तिथे मुळात गर्दी कमी असते.

दुसरं, दरवाजा मिटताना बॅग, छत्री, पदर अडकणं. अडथळा जाणवला की दार पुन्हा उघडतं. डोंबिवलीला सकाळी ८ ला ते किती वेळा उघडेल, हे कारशेडमध्ये पोती भरून कळत नाही. ते पाहायला एक रेक खऱ्या गर्दीत, आधी स्लोवर, काही आठवडे चालवावाच लागतो.