बारक्या पोरांना घेऊन बेळगावचा किल्ला तलाव, सकाळी की संध्याकाळी?

टिळकवाडीची आई: रविवारी सासूबाई आणि दोन पोरांना घेऊन जायचं म्हणतोय, एक पाच वर्षांचा आणि एक नुकती चालायला लागलेली, तर कधी बरं पडेल?

शहापूरकर: ताई, ऊन उतरल्यावर जावा. तो ११० मीटरच्या खांबावरचा झेंडा बघायला आमचा पोरगा मान वर करून उभारला की हलतच नाही बगा! बारकीला मात्र पाण्याजवळ मोकळं सोडू नका, हात धरूनच.

अनगोळवाला: रविवारी संध्याकाळी? गर्दी मरणाची ओ. सकाळीच जावा, आधी समोर किल्ल्यात कमल बस्ती करा, १२०४ सालचं जैन मंदिर, छतातलं दगडी कमळ बघून पोरं आ वासतात. आणि चुरमुरे घरनंच न्या.