उन्हाळ्यात डोळ्याला गार वाटणारा रंग: तुमचा काय अनुभव?

दिवाळीआधी घर रंगवायचं काढलंय. परभणी, स्लॅबचं घर, वरचा मजला, हॉल पश्चिमेला. मे महिन्यात पारा ४३ला टेकला की संध्याकाळी सातलाही भिंत तव्यासारखी लागते. सासूबाईंना मोतिया हवा, लेकीला आकाशी, आणि ह्यांचं म्हणणं, कोणताही लावा पण लवकर उरका. शेडकार्डावर नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा आहेत की डोकं फिरलं. ज्यांनी फिका रंग लावून दोनचार उन्हाळे काढलेत त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा.

नांदेडहून
फसलेलंच लिहितो. बैठकीला पांढराशुभ्र दिला. खिडकी दक्षिणेला, समोर शेजाऱ्याची पांढरी कंपाउंड वॉल. दुपारी बारानंतर आत बसलं की डोळे दिपायचे, पेपर वाचवेना. शेवटी दिवसभर जाड पडदे ओढून आत ट्यूब लावायची वेळ आली. दोन वर्षांनी त्यावरच सायीसारखा, किंचित पिवळसर दुधी मारला. उजेड जवळपास तेवढाच, पण टोचत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून
आकाशीबद्दल सावध करते. आमची मुलांची खोली उत्तरेला, ऊन कधीच येत नाही. तिथं फिका निळा दिला तर खोली दवाखान्यासारखी दिसायला लागली, त्यात पांढरी ट्यूब. तोच डबा उरला होता म्हणून पश्चिमेच्या खोलीत एक भिंत मारली, तिथं मात्र सुरेख दिसतो. म्हणून कार्डावर बघून ठरवू नका. लहान डबा आणून भिंतीवर दोन हात-दोन हात लांबीरुंदीचा तुकडा रंगवा, वाळू द्या, सकाळी, दुपारी आणि दिवा लावून बघा. आणि कार्डावर जो आवडेल त्याच्यापेक्षा एक छटा फिकी घ्या. चारी भिंतींवर चढला की गडदच वाटतो.

औसा तालुक्यातून
आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे वर मातीच्या सपाट छताचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतून पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या, सणाला वर चुन्याचा हात. आजी रांजणात कळीचा चुना विरवायची. तो खदखदायला लागला की आम्हा लेकरांना लांब हाकलायची, डोळ्यात उडेल म्हणून. गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. ओला असताना भिंतीवर काहीच दिसायचं नाही. वाळला की पांढरा उमटायचा. तसा गारवा मी नंतर कुठल्याच खोलीत अनुभवला नाही, पण तो रंगाचा नव्हता, जाडीचा होता, हे कळायला वेळ लागला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात तीच जाड भिंत आणि तेच मातीचं ओझं माणसांच्या अंगावर आलं. त्यामुळं माळवदाचं कौतुक ऐकलं की मला हो म्हणवत नाही. आता सिमेंटचं घर आहे, उन्हाळ्यात भट्टी. आत पिस्ता दिलाय. खोलीचं तापमान त्यानं उतरत नाही, डोळ्याला बरं वाटतं एवढंच.

एक चूक सांगतो. चुन्याच्या हौसेपोटी ऑइलपेंटच्या भिंतीवर चुना मारला होता. पापुद्रे सुटून सगळा अंथरुणात.

बीडहून, रंगकाम करतो
गिऱ्हाईक रंगावर भांडतं आणि भिंतीला लोणा लागलाय, ओलीनं खार फुटलाय, तिकडं बघत नाही. खालून ओल असेल तर कितीही भारी इमल्शन लावा, फुगून पडणार. आधी ओल बंद करा, भिंत वाळू द्या, मग खरवडून प्रायमर, पुट्टी. लेकरं असतील तर डिस्टेंपर घेऊ नका, हात पुसला की पांढरं निघतं. धुता येईल असं इमल्शन घ्या. आमच्याकडं धूळ लई, म्हणून कमरेएवढा पट्टा त्याच रंगाची गडद छटा मारा. मशीनवर रंग बनवून घेतला तर शेडचा नंबर डब्यावरून लिहून ठेवा, नंतर डागडुजीला लागतो.

जालन्याहून
पैसे कमी असतील तर आतल्या रंगात कमी घाला, गच्चीला लावा. होळी झाली की आम्ही गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात मारतो. वरच्या खोलीत पंख्याची हवा पूर्वी गरम यायची, ती आता सोसवते. पावसाळ्यात निम्मा धुऊन जातो, त्यामुळं दरसाली करावंच लागतं. भर उन्हात मारायला चढू नका, दिपतं फार.

पुन्हा परभणी
सगळ्यांचे आभार. हॉलमध्ये तीन तुकडे रंगवलेत: दुधी, पिस्ता आणि लेकीच्या हट्टाचा आकाशी. गंमत म्हणजे दारातल्या कडुलिंबाच्या झाडाचा उजेड पडून दुपारी दुधीसुद्धा हिरवट दिसतो. मग पिस्त्याचे पैसे कामून घालायचे? गच्चीचा चुना ह्यांच्याकडं दिलाय. सध्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, भिंतीला काय झालंय? सासूबाई सांगतात, सुनेचा अभ्यास चालू आहे.