मदत हवी आहे: गंज काढून बसवलेला बोल्ट दोन दिवसांनी उभ्या गाडीत तुटला

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षं जुनी गाडी आहे, वडिलांनी वापरलेली, आणि मला ती चालू ठेवायची आहे. पत्रा अजून चांगला आहे. गंज आहे तो खाली: सस्पेन्शनचे बोल्ट, सायलेन्सरचे क्लॅम्प, अल्टरनेटरचा ब्रॅकेट. गाडी खाऱ्या हवेत उभी असते. काही बोल्टांवर एवढे पोपडे आले होते की पाना बसेना, आणि दोघांच्या डोक्याच्या कडा गोल झाल्या.

एकेक बोल्ट काढून साफ करायला घेतला. काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण चूक नक्की कुठे झाली तेच मला कळत नाहीये.

सगळे बोल्ट व्हिनेगरमध्ये चोवीस तास बुडवून ठेवले. गंज सुटला. मग तारेच्या ब्रशने घासले, धुतले, वाळवले. जिथे खड्ड्यांत गंज उरला होता तिथे गंज काळा करणारं कन्व्हर्टर लावलं. त्यावर जस्ताचा स्प्रे, म्हणजे कोल्ड गॅल्व्हनाइजिंगचा. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ते) लावलं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या पिळाला, टॉर्क पान्याने आवळले.

पुढचं असं. ब्रॅकेटचा एक बोल्ट, १० मिमीचा, आट्यांचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२५ मिमी, डोक्यावर १२.९ असा ताकदीच्या दर्जाचा आकडा, ८० न्यूटन-मीटरला आवळलेला. दोन दिवसांनी बॉनेट उघडलं तर त्याचं डोकं खाली पडलेलं. गाडी त्या दोन दिवसांत जागची हललीसुद्धा नव्हती. सोबतचा दुसरा बोल्ट अजून जागेवर आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

शिवाय स्प्रे केलेल्या बोल्टांवर महिन्याभरातच तपकिरी डाग आले. नखाने खरवडलं तर स्प्रेचा थर पापडासारखा सुटतो. आणि जे बोल्ट नवेच आणून बसवले, चकचकीत मुलाम्याचे, त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसते आहे. तो गंजच का?

बोल्ट तुटला तो माझ्या साफसफाईमुळे की ग्रीसमुळे? आणि या सगळ्यावर टिकेल असं नेमकं काय लावावं? सायलेन्सरचा बोल्ट तुटला तर आवाज होईल एवढंच, सस्पेन्शनचा तुटला तर काय होईल हा विचार डोक्यातून जात नाही. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

आधी एक काम करा. व्हिनेगरमध्ये बुडवलेला तो दुसरा १२.९ चा बोल्ट आजच काढा, नवा बसवा, आणि तोवर गाडी चालवू नका. बाकीचं त्यानंतर वाचा.

तुटलेल्या तोंडाकडे नीट बघा. बोल्ट जास्त आवळल्यामुळे गेला असेल तर तुटण्याच्या जागी तो ताणून बारीक झालेला दिसतो. तोंड सपाट आणि दाणेदार असेल, मान अजिबात बारीक झालेली नसेल, तर माझा संशय हायड्रोजनवर आहे. आम्लात लोखंड विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरतो. पोलाद जितकं कठीण, तितकं ते त्यामुळे ठिसूळ होतं. आणि बोल्ट आवळताक्षणी तुटत नाही. ताणाखाली काही तास किंवा काही दिवस उभा राहतो, मग एकदम जातो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

ग्रीसचाही हात आहे, पण दुय्यम. कोरड्या आट्यांसाठी टॉर्कचा गुणांक (टॉर्कवरून ताण काढायचा आकडा, घर्षण त्यातच धरलेलं) ढोबळमानाने ०.२० धरतात, ग्रीस लावल्यावर ०.१५ च्या आसपास. तुमच्या ८० न्यूटन-मीटरला कोरड्या बोल्टात सुमारे ४० किलोन्यूटन ताण येतो, ग्रीस लावून सुमारे ५३. म्हणजे तिसरा हिस्सा जास्त. तरीही १२.९ चा धडधाकट बोल्ट तेवढ्याने तुटायला नको. ८.८ चा मात्र तेवढ्यात ताणला गेला असता. तेव्हा मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, ते आधी बघा, आणि आटे त्याच स्थितीत ठेवा.

८.८ चे बोल्ट त्याच भांड्यात होते म्हणून घाबरू नका, ते पोलाद तेवढं कठीण नसतं. १०.९ ला धोका कमी आहे, पण मी स्वतः ते कधी आम्लात टाकत नाही, फक्त घासतो. सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढण्याची पद्धत सौम्य वाटते, पण तिथेही हायड्रोजन बोल्टावरच तयार होतो. कारखान्यात मुलाम्यानंतर कठीण बोल्ट काही तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास बराच वेळ भाजतात ते याचसाठी. आता महिन्याने ओव्हनमध्ये ठेवून उपयोग नाही.

प्रतिसाद २

स्प्रेबद्दल लिहितो, कारण ही चूक मीही केली आहे. जस्त लोखंडाला वाचवतं ते स्वतः आधी झिजून. त्यासाठी जस्ताचे कण आणि उघडं लोखंड यांचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो, वीज वाहायला हवी. तुम्ही मध्ये कन्व्हर्टरचा काळा थर दिलात आणि तो स्पर्शच तोडलात. मग जस्ताचा स्प्रे हा नुसता राखाडी रंग उरतो. दोन्हीपैकी एकच वापरा: गंज पूर्ण निघून धातू पांढरा दिसत असेल तर थेट जस्त, खड्ड्यांत गंज उरणारच असेल तर कन्व्हर्टर आणि वर इपॉक्सी प्राइमर. हे ब्रॅकेट आणि क्लॅम्पसाठी. बोल्टाच्या डोक्याखाली आणि दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तिथे जाड रंग नको. तो दबतो, सरकतो आणि बोल्ट सैल पडतो.

नव्या बोल्टांवरची पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. लोखंड अजून शाबूत आहे, पण मुलामा संपत चालला आहे. चकचकीत बोल्टांवर विजेने चढवलेला जस्ताचा थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचाच असतो, खाऱ्या हवेत तो फार तग धरत नाही. घेताना झिंक-फ्लेक मुलाम्याचे, मंद राखाडी दिसणारे बोल्ट मागा. थर तेवढाच पातळ, पण जस्ताच्या आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा असतो आणि मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत कित्येक पटींनी जास्त टिकतो. वीज न वापरता चढवतात, त्यामुळे कठीण बोल्टांनाही चालतो. झिंक-निकेलही उत्तम.

स्टेनलेसचा मोह टाळा. स्टेनलेस बोल्टांचा नेहमीचा दर्जा ए२-७०, त्याची ताकद ७०० मेगापास्कल, १०.९ च्या बोल्टाची हजार. सस्पेन्शनला तो अजिबात नको, आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे जाम होऊन चिकटतात ते वेगळंच.

सगळं आवळून झाल्यावर बाहेरून मेणाचं किंवा लॅनोलिनचं संरक्षक लावा. मी दर पावसाळ्याआधी लावतो. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तुटलेलं तोंड भिंगाखाली बघितलं. सपाट आहे, दाणे चमकतात, मान जराही बारीक झालेली नाही. दुसरा बोल्ट काढला. वरून धडधाकट दिसतो, पण टाकून दिला.

सस्पेन्शनचे १०.९ चे सहाही बोल्ट त्याच व्हिनेगरात होते. धोका कमी म्हणालात, तरी ते बदलतोय. नवे राखाडी मुलाम्याचे मागवले आहेत. एकच विचारायचं राहिलं: या मुलाम्यावर वंगणाचा थर आधीच दिलेला असतो असं विक्रेता म्हणतो. मग मॅन्युअलमधला टॉर्क जसाच्या तसा धरू का?

प्रतिसाद १

जुन्या बोल्टांवर मूळ मुलामा कोणता होता ते बघा. तोही राखाडी झिंक-फ्लेकच आणि तेवढ्याच घर्षणाचा असेल तर टॉर्क तोच. वेगळा असेल तर बोल्ट बनवणाऱ्याकडून त्या मुलाम्याचा घर्षण-गुणांक मागवा, तो मिळेपर्यंत आवळू नका. आणि वर अँटी-सीझ लावू नका.